विश्लेषण : जिल्ह्याचे ठिकाण झाल्यावर नंदुरबार किती बदलले? वाढत्या शहरात मिरचीच्या पथारीला जागा उरेल का?

धुळे जिल्ह्यातून वेगळे होऊन नंदुरबारला जिल्ह्याचे ठिकाण झाल्याला पाव शतक उलटले. कचेऱ्या आल्या, वैद्यकीय महाविद्यालय आले, वसाहती वाढल्या. सातपुड्यातल्या कुटुंबांना मुलांच्या शिक्षणासाठी आता येथेच घर हवे असते. मात्र ज्या मोकळ्या जमिनीवर या गावाचा जुना व्यापार उभा आहे, तीच जमीन वाढत्या शहराला हवी आहे. ही ओढाताण नेमकी कशी आहे, याचा आढावा.

पथारी म्हणजे काय आणि तिचा शहराशी संबंध काय?

दसरा उलटला की नंदुरबारच्या कृषी उत्पन्न बाजार समितीत ओल्या लाल मिरचीने भरलेल्या वाहनांच्या रांगा लागतात. ही राज्यातील मिरचीच्या मोठ्या बाजारपेठांपैकी एक. चांगल्या हंगामात ओल्या मिरचीची आवक लाख क्विंटलच्या पुढे जाते. शेतकरी मिरची ओलीच विकतो, सुकवण्याचे काम व्यापारी करतात. लिलावात घेतलेली मिरची शहराच्या कडेला मोकळ्या जमिनीवर पसरली जाते. त्या जागेला नंदुरबारमध्ये ‘पथारी’ म्हणतात. ऊन चांगले असेल तर आठ-पंधरा दिवसांत मिरची सुकते. तीन-चार किलो ओल्या मिरचीतून साधारण किलोभर सुकी मिरची हाती येते. मग देठ खुडणे, प्रतवारी, पोती भरणे आणि पुढे मसाला उद्योगाकडे रवानगी.

या साखळीला यंत्रापेक्षा तीन गोष्टी जास्त लागतात. बाजार समितीपासून जवळ असलेली सपाट मोकळी जागा, ऊन आणि माणसे. देठ खुडण्याचे काम मुख्यतः मजूर स्त्रिया करतात. जिल्ह्यातील हजारो आदिवासी कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीसाठी आणि इतर कामांसाठी गुजरातेत स्थलांतर करतात. अशा भागात हिवाळ्याचे काही महिने घराजवळ मिळणारी मजुरी ही किरकोळ बाब नव्हे. पथारी हलली तर नुसती मिरची हलत नाही. मजुरीचे ठिकाण, वाहतुकीचा खर्च आणि शेतकऱ्याला मिळणारा भाव यांचे गणितही बदलते.

नंदुरबार जिल्हा का आणि कधी झाला?

ब्रिटिश काळात १९०६ मध्ये खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. पश्चिम खानदेश म्हणजे पुढचा धुळे जिल्हा. त्याच्या उत्तर टोकाला सातपुडा आणि नर्मदा, मध्ये तापीचे खोरे, पश्चिमेला गुजरातची सीमा. अक्राणी किंवा अक्कलकुव्याच्या दुर्गम पाड्यावरच्या माणसाला एखाद्या दाखल्यासाठी धुळ्याला जायचे तर डोंगर उतरून, तापी ओलांडून जावे लागे. एका कामात दोन-तीन दिवस मोडत. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी (धडगाव) या तालुक्यांचा स्वतंत्र जिल्हा झाला. वाशिम जिल्हाही त्याच दिवशी अस्तित्वात आला.

नंदुरबारची निवड झाली त्यामागे भूगोल आणि रेल्वे होती. हे गाव मुळातच व्यापारी वाटेवरचे. चौदाव्या शतकातील प्रवासी इब्न बतूता याच्या प्रवासवर्णनातही त्याचा उल्लेख येतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ताप्ती व्हॅली रेल्वे आली आणि सुरतची बाजारपेठ काही तासांवर आली. आज सुरत–जळगाव मार्ग दुहेरी आणि विद्युतीकरण झालेला आहे. शेवाळी–नेत्रंग आणि विसरवाडी–सेंधवा हे महामार्गही नंदुरबारला गाठतात.

मग शहर किती वाढले? आकडे काय सांगतात?

येथे एक विसंगती दिसते. जनगणनेनुसार नंदुरबार नगरपालिका हद्दीची लोकसंख्या २००१ मध्ये साधारण ९४ हजार होती, २०११ मध्ये ती १ लाख ११ हजारांवर गेली. म्हणजे दहा वर्षांत सुमारे १८ टक्के वाढ. त्याच काळात संपूर्ण जिल्ह्याची लोकसंख्या १३ लाख ११ हजारांवरून १६ लाख ४८ हजारांवर, म्हणजे २५ टक्क्यांहून अधिक वाढली. नव्या जिल्ह्याचे ठिकाण जिल्ह्यापेक्षा कमी वेगाने वाढले, असा याचा सरळ अर्थ होतो. गावातल्या माणसाला मात्र तो पटणार नाही, कारण त्याला चारी दिशांना नव्या वसाहती दिसतात.

या विसंगतीला दोन बाजू आहेत. जनगणना हद्द मोजते. हद्दीला लागून असलेल्या ग्रामपंचायतींत उभी राहिलेली वसाहत कागदावर खेड्यात मोजली जाते, तिचा रोजचा व्यवहार मात्र शहरात असतो. दुसरे म्हणजे जनगणना माणसाला तो जिथे राहतो तिथे मोजते, जिथे दिवस काढतो तिथे नाही. २०११ मध्ये जिल्ह्यातील शंभरपैकी सुमारे १७ जणच शहरांत राहत होते. राज्यात हे प्रमाण ४५ होते. उरलेल्या ८३ जणांनाही रुग्णालय, न्यायालय, महाविद्यालय, जिल्हा परिषद आणि बाजार यांसाठी कधी ना कधी नंदुरबारला यावेच लागते.

म्हणजे नंदुरबार दोन आहेत. एक रात्री झोपणारे, सव्वा लाखाच्या आतबाहेरचे. दुसरे दिवसा चालणारे, सोळा लाखांच्या जिल्ह्याचे काम सांभाळणारे. रस्ते, स्वच्छतागृहे, वाहनतळ, पाणी यांवर ताण पडतो तो दुसऱ्या नंदुरबारचा. घरपट्टी आणि पाणीपट्टी येते ती पहिल्याकडून. सरकारी अनुदानाच्या सूत्रातही लोकसंख्येला मोठे वजन असते आणि ही लोकसंख्या अजून २०११ ची आहे. पुढील जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख निश्चित झाली आहे. तोवर शहराचे नियोजन दीड दशक जुन्या आकड्यांवर चालणार.

येथे घर कोणाला हवे आहे?

जिल्हा झाल्यावर सर्वांत आधी आले ते नोकरदार. जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, पोलीस, न्यायालय, शाळा यांतील कर्मचाऱ्यांना घरे हवी होती. २०२० मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, त्याने विद्यार्थी आणि डॉक्टरांची भर घातली. तिसरा गट सर्वांत कमी चर्चेतला, पण सर्वांत महत्त्वाचा. धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर भागातील आदिवासी कुटुंबांतील शिक्षक, ग्रामसेवक, पोलीस, आरोग्यसेविका अशी नोकरीला लागलेली पहिली पिढी. गावी शेती आणि म्हातारे आईवडील, शहरात भाड्याची खोली आणि मुलांची शाळा, असा त्यांचा दुहेरी संसार असतो. चार पैसे साठले की खोलीची जागा छोटा प्लॉट घेतो.

जिल्ह्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचा वाटा सुमारे ६९ टक्के आहे. साक्षरता २०११ मध्ये ६४ टक्क्यांच्या आसपास होती. मानव विकास निर्देशांकात राज्यात तळाला राहिलेला हा जिल्हा २०१८ मध्ये केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत घेतला गेला. अशा जिल्ह्यात पाड्यावरचे कुटुंब शिक्षणासाठी शहर गाठते, ही तक्रारीची नव्हे, प्रगतीची खूण आहे. त्यामुळे ‘बाहेरच्यांनी गाव बिघडवले’ हे वाक्य नंदुरबारला लागू पडत नाही. आलेल्यांपैकी बरेच जण याच जिल्ह्याचे आहेत आणि हे शहर जिल्ह्याचे ठिकाण आहे ते त्यांच्यासाठीच.

दुसरीकडे, जुन्या नंदुरबारकरांची शिकलेली मुले सुरत, नाशिक, पुणे गाठतात. शहर कचेऱ्यांमुळे वाढले, त्या तुलनेत कारखाने आले नाहीत. नवापूरला औद्योगिक वसाहतीत वस्त्रोद्योग आला, नंदुरबारजवळ भालेरची औद्योगिक वसाहत आखली गेली. पण शहराची ओळख आजही बाजारपेठ आणि कार्यालये हीच आहे. म्हणूनच असलेला व्यापार टिकवणे येथे अधिक मोलाचे ठरते.

शहर वाढले की पथारीवर गदा का येते?

पथारी आणि प्लॉट या दोघांची गरज एकच असते. सपाट, मोकळी, रस्त्याला लागून आणि बाजाराजवळची जमीन. पथारी त्या जमिनीचा वर्षातून काही महिनेच उपयोग करते आणि बहुतेकदा ती कोणाच्या तरी शेताच्या किंवा पडीक जागेच्या भाड्यावर चालते. प्लॉट पाडणारा मात्र एकदाच येतो आणि जन्माची किंमत देऊन जातो. मालकाने काय निवडावे, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

कायद्यानेही बिनशेतीची वाट सोपी केली आहे. पूर्वी प्रत्येक बिनशेतीसाठी महसूल खात्याचे उंबरे झिजवावे लागत. गेल्या दशकातील दुरुस्त्यांनंतर मंजूर आराखड्यातील निवासी जमिनीला आणि गावठाणापासून २०० मीटरच्या आतील जमिनीला वेगळी अकृषिक परवानगी लागत नाही. ठरलेला कर भरून रूपांतर होते. सामान्य माणसाला याचा फायदाच झाला. मात्र शहराच्या कडेची जमीन किती वेगाने आणि कोणत्या दिशेने घरांखाली जावी, याला लागणारा एक लगामही त्यामुळे सैल झाला.

घरे पथारीच्या शेजारी आली की दुसरा प्रश्न उभा राहतो. मिरची हलवली की उडणारी तिखट धूळ, खोकला, डोळ्यांची आग. मजूर ती सोसतात, कारण ते काम आहे. शेजारी राहायला आलेले कुटुंब का सोसेल? तक्रार दोन्ही बाजूंनी खरी असते. अशा भांडणात हंगामी व्यवसाय हरतो आणि घर जिंकते, कारण घर बारा महिने तिथे असते.

हवामानाने या अडचणीत भर घातली आहे. नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस झालेल्या अवकाळी पावसात नंदुरबारच्या पथारींवरील मिरची भिजली आणि व्यापाऱ्यांचे मोठे नुकसान झाले. असे प्रसंग वाढत जाणार असतील तर उघड्या मैदानावर ताडपत्री टाकून भागणार नाही. शेड, पक्के ओटे, सौर किंवा यांत्रिक वाळवण यंत्रे लागतील. पण उद्या सोडावी लागेल अशा भाड्याच्या जमिनीवर कोणता व्यापारी पक्के बांधकाम करील? जागेची शाश्वती नसणे हीच व्यवसाय आधुनिक न होण्याची एक मुख्य अडचण बनते.

आदिवासींच्या जमिनीबाबतचा कायदा येथे काय करतो?

नवापूर, तळोदा, अक्कलकुवा, अक्राणी हे पूर्ण तालुके आणि नंदुरबार व शहादा तालुक्यांचा काही भाग राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखाली अनुसूचित क्षेत्र आहे. शिवाय महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ नुसार आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला परवानगीशिवाय हस्तांतरित करता येत नाही. भाडेपट्टा किंवा गहाण ठेवण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. विक्रीसाठी त्यासोबत राज्य सरकारची पूर्वमान्यताही हवी.

या तरतुदीचा याच भूमीशी जवळचा संबंध आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला शहादा परिसरात आदिवासींच्या गेलेल्या जमिनींसाठी मोठी चळवळ झाली. अंबरसिंग सुरतवंती हे तिचे आघाडीचे नेते. त्या काळातच, १९७४ मध्ये, आदिवासींच्या जमिनी परत करण्याविषयीचे कायदे राज्यात झाले. शहराच्या वाढीच्या वाटेत हा कायदा अडथळा वाटू शकतो. पण त्याचा अर्थ उलटाही लावता येतो. शहराशेजारची शेती विकून मिळालेले पैसे संपले की शेतकरी त्याच शहरात मजूर म्हणून परततो, हे देशभर घडले आहे. ३६-अ त्या घसरणीला आळा घालू पाहतो. शहराने वाढताना हा कायदा वळसा घालण्याची गोष्ट न समजता आराखड्याची एक बाजू म्हणून धरला, तर वाढ कोणत्या दिशेला न्यायची याचे उत्तर काही प्रमाणात तिथेच मिळते.

वाढीला पाणी पुरेल का?

नंदुरबार शहर प्रामुख्याने शिवण नदीवरील विरचक प्रकल्पाच्या पाण्यावर अवलंबून आहे. शिवण ही तापीला मिळणारी छोटी नदी. तिचे पाणी पावसाच्या मर्जीवर. २०२३ मध्ये राज्याने दुष्काळसदृश परिस्थितीमुळे ज्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांत नंदुरबार तालुका होता. अशा वर्षी धरणातील साठा पिण्यासाठी राखावा लागतो आणि पहिली कात्री शेतीच्या पाण्यावर चालते. शहर जितके वाढेल तितका हा राखीव हिस्सा वाढेल. म्हणजे शहराच्या नळाचा आणि तालुक्यातल्या मिरचीच्या पिकाचा हिशेब शेवटी एकाच धरणाशी येऊन थांबतो.

तापीवर सारंगखेडा आणि प्रकाशा येथे बॅरेज बांधून पाणी अडवले गेले आहे. मात्र अडवलेले पाणी उचलून शेतापर्यंत नेणाऱ्या उपसा योजनांचा प्रश्न वर्षानुवर्षे रेंगाळला. पाणी दिसते पण मिळत नाही, ही जिल्ह्याची जुनी व्यथा आहे. हद्दीबाहेर नवी वसाहत मंजूर करताना तिचे पाणी कुठून येणार, हा प्रश्न म्हणूनच आधी विचारला जायला हवा.

गावाचा स्वभाव म्हणजे नेमके काय?

स्वभाव म्हणजे जुने वाडे एवढेच धरले तर चर्चा लवकर संपते. नंदुरबारचा स्वभाव घडला तो येणाऱ्या-जाणाऱ्यांमुळे. बाजारात अहिराणी, गुजराती, भिली बोली, उर्दू आणि प्रमाण मराठी एकाच सौद्यात ऐकू येतात. ९ सप्टेंबर १९४२ रोजी ‘छोडो भारत’ आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती शहीद झाले. शिरीषकुमारच्या घरची भाषा गुजराती होती आणि आज तो सगळ्या महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकांतला नंदुरबारकर आहे. बाहेरून येणाऱ्याला आपले म्हणण्याची सवय या गावाला जुनी आहे.

धोका दुसऱ्या बाजूने आहे. नव्या वसाहती एकाच उत्पन्नगटाच्या, एकाच नोकरीच्या, कधी एकाच समाजाच्या होत गेल्या, तर पाड्यावरून आलेला माणूस शहरात फक्त रांगेत उभा दिसेल, शेजारी म्हणून नाही. बाजारात एकमेकांशी हुज्जत घालणारी माणसे वसाहतीत एकमेकांना भेटणारच नाहीत. असा बदल जनगणनेत नोंदला जात नाही.

इतर जिल्ह्यांनी कोणते मार्ग घेतले?

नवे जिल्हा मुख्यालय वसवण्याचे दोन नमुने राज्यात आहेत. १९८१ मध्ये रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला तेव्हा सावंतवाडी, कुडाळ यांसारख्या जुन्या गावांत कचेऱ्या न घालता ओरोसजवळ सिंधुदुर्गनगरी वसवली गेली. २०१४ मध्ये झालेल्या पालघरसाठीही शहराशेजारी स्वतंत्र जमिनीवर सिडकोकडून मुख्यालय उभारले गेले. यात जुन्या गावावरचा भार टळतो. पण सिंधुदुर्गनगरीने दाखवले की कचेऱ्या सुटल्यावर ओस पडणारी वसाहतही त्यातून तयार होते. गजबज बांधून मिळत नाही.

नंदुरबारने दुसरा मार्ग घेतला. असलेल्या बाजारगावालाच मुख्यालय केले. त्यामुळे दाखल्यासाठी आलेला माणूस त्याच फेरीत बाजारही करतो, दवाखान्यातही जातो. ही सोय मोठी आहे आणि ती गमावण्याजोगी नाही. तिची किंमत म्हणजे बाजार, कचेरी, घर आणि पथारी या चौघांना एकाच मर्यादित जागेत बसवणे.

पुढे काय करता येईल?

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार शहराच्या विकास आराखड्याची वीस वर्षांतून एकदा फेरतपासणी व्हायला हवी आणि प्रारूप प्रसिद्ध झाल्यावर नागरिकांना हरकती व सूचना मांडता येतात. बहुतेक हरकती स्वतःच्या जमिनीवर पडलेल्या आरक्षणाविरुद्ध असतात. गावाच्या व्यवसायासाठी आरक्षण मागणारी हरकत क्वचितच येते. आराखड्यात शाळा, बाग, दफनभूमी, भाजी बाजार यांना जागा असते. हंगामी सुकवणीच्या मैदानाला वेगळे नाव सहसा नसते. शेती विभागात आहे तोवर पथारी चालते. तोच पट्टा निवासी झाला की तिच्या बाजूने बोलणारी एक ओळही कागदावर नसते.

उपाय खर्चिक नाही. बाजार समिती, नगरपालिका आणि व्यापारी यांनी मिळून वस्तीपासून योग्य अंतरावर, वाऱ्याची दिशा पाहून, सामायिक सुकवणीचा पट्टा दीर्घ मुदतीने राखला तर तेथे शेड, ओटे, मजुरांसाठी पाणी, सावली, स्वच्छतागृह आणि पाळणाघर उभे करता येईल. हंगाम संपल्यावर तेच मैदान यात्रा, प्रदर्शन किंवा खेळांसाठी वापरता येते. हद्दीबाहेरच्या वसाहतींसाठी नगरपालिका आणि ग्रामपंचायती यांनी पाणी व सांडपाण्याचा एकत्र आराखडा करणे ही दुसरी गरज. तिसरी, रोज येणाऱ्या माणसांची मोजणी. बसस्थानक, रेल्वे स्थानक, जिल्हा रुग्णालय आणि बाजार समिती या चार ठिकाणी वर्षातून काही दिवस मोजणी केली तरी दिवसाच्या नंदुरबारचा अंदाज येईल आणि वाढीव निधीच्या मागणीला आधार मिळेल.

तिन्ही गोष्टींना वेळेची मर्यादा आहे. बाजार समितीजवळचा एखादा पट्टा एकदा तुकड्यांत विकला गेला, की तो पुन्हा एकत्र करणे कोणत्याही नगरपालिकेच्या आवाक्यात नसते. २०२७ च्या जनगणनेचे आकडे येतील तेव्हा नंदुरबार किती मोठे झाले ते कळेल. मिरची तोवर कुठे सुकत असेल, हे मात्र आराखड्यावर आत्ता मारल्या जाणाऱ्या रेघांवरून ठरणार आहे.